यंदाची गुहा

ऑक्टोबर उजाडला की आइसलंडच्या आग्नेय किनाऱ्यावरचे वाटाडे गुहा शोधायला निघतात. गेल्या हिवाळ्यात पर्यटकांना नेलेली गुहा कुठे होती हे त्यांना पाठ असतं, पण त्या माहितीचा उपयोग बेताचाच. मधल्या उन्हाळ्यात ती कोसळलेली असते, पाण्यात गेलेली असते, नाहीतर इतकी रुंदावलेली असते की तिला गुहा म्हणवत नाही. मग उन्हाळाभर हिमनदीतून पाणी जिथून धो धो बाहेर पडत होतं ती तोंडं हुडकायची, पाणी ओसरलंय का बघायचं, छताची जाडी अजमावायची आणि माणसं आत न्यायची की नाही ते ठरवायचं. नोव्हेंबर ते मार्च हे तिचे दिवस. तेवढ्यात तिला एखादं नाव पडतं, तिकिटं खपतात, हजारो फोटो निघतात. पुढच्या ऑक्टोबरात वाटाडे बुटांना काटे बांधून पुन्हा बर्फावर हजर.

या हिमनदीचं नाव ब्रेदामेर्कुरयोकुल. (एका दमात म्हणता आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नये.) ती वात्नायोकुल नावाच्या अवाढव्य हिमटोपीतून खाली उतरते. वात्नायोकुलचं क्षेत्रफळ सुमारे 7,700 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढं. शिरोळपासून राधानगरीपर्यंत आणि शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत सगळीकडे सरासरी 400 मीटर जाडीचा बर्फ अंथरला आहे अशी कल्पना करा. या टोपीच्या कडांवरून बर्फाच्या तीसेक जिभा दऱ्यांमध्ये उतरतात आणि गुहा सापडतात त्या या जिभांच्या टोकाशी.

आत शिरलं की पहिल्यांदा रंग अंगावर येतो. भिंत निळी, छत निळं, आपल्या हातमोज्यांवर पडलेला उजेडही निळा. फ्रीजमधला बर्फ पांढुरका, डोंगरावर पडलेलं हिम पांढरं, मग हा निळा आला कुठून?

ताज्या भुरभुरीत हिमात बर्फापेक्षा हवाच जास्त असते. एका घनमीटरात जेमतेम 50 ते 100 किलो ऐवज. त्यावर पुढच्या वर्षीचं हिम पडतं, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचं. खालचे थर दबतात, हिमकणांच्या नक्ष्या मोडतात, दाण्याला दाणा चिकटतो. घनता 830 किलोच्या आसपास पोचली की दाण्यांमधल्या वाटा बंद होतात आणि उरलेली हवा बुडबुड्यांमध्ये कोंडली जाते. इथून पुढे त्याला बर्फ म्हणायचं. वरचा भार वाढत राहतो, बुडबुडे आणखी बारीक होतात. आइसलंडमधल्यासारख्या तुलनेने उबदार हिमनद्यांमध्ये पाणी झिरपून पुन्हा गोठतं, तो बर्फ तर आणखीच नितळ. अखेर 917 किलोंपर्यंत पोचलेला हा घट्ट, जवळजवळ बिनहवेचा बर्फ काही शतकांचा प्रवास करून टोकाशी येतो.

हिम पांढरं दिसतं, कारण उजेड आत शिरतो न शिरतो तोच लाखो कडांवर आपटून परत फिरतो. नितळ बर्फात त्याला आपटायला काही नसतं, तो आत जातो, खोलवर जातो, आणि जाता जाता पाण्याचे रेणू त्यातला लाल भाग खात जातात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातला बंध थरथरतो, त्या थरथरीला लागणारी ऊर्जा तांबड्या प्रकाशातून मिळते. एका पेल्यात हा परिणाम दिसणारच नाही. मीटर-दोन मीटर बर्फ पार करून आलेल्या उजेडात मात्र लाल बराच उणा झालेला असतो आणि निळा बहुतेक तसाच्या तसा. आकाश निळं असतं ते हवेत निळा प्रकाश विखुरल्यामुळे. बर्फ निळा असतो तो लाल गिळल्यामुळे. दोन्ही निळ्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि मला विचाराल तर बर्फाचा निळा जास्त नवलाचा, कारण तो म्हणजे निव्वळ पाण्याचा स्वतःचा रंग.

भिंतीजवळ जाऊन बघावं. लांबून गुळगुळीत वाटलेली भिंत जवळून खवल्याखवल्यांची असते. तळहाताएवढ्या, परातीएवढ्या उथळ वाट्या, कडेला कड लावून. हे प्रवाहाचं काम. वाहतं पाणी किंवा वारं भिंतीवरून भोवरे घेत जातं आणि प्रत्येक भोवरा आपापली वाटी कोरतो. प्रवाह जितका वेगाचा तितक्या वाट्या लहान, त्यामुळे पाणी केव्हाच निघून गेलं तरी ते किती जोरात गेलं याचा अंदाज भिंतीवरून बांधता येतो. वाट्यांच्या कडांवर उजेड एकवटतो आणि मधे गडद होतो. मधूनच एक काळा पट्टा तिरका धावत जातो, बोटभर जाडीचा. ती ज्वालामुखीची राख. वात्नायोकुलच्या पोटात ग्रिमस्वोत्नसारखे जागते ज्वालामुखी आहेत, त्यांनी उडवलेली राख त्या त्या वर्षीच्या हिमावर बसली, गाडली गेली आणि बर्फाबरोबर वाहत इथवर आली. प्रत्येक उद्रेकाच्या राखेची रासायनिक घडण वेगळी, म्हणून अशा पट्ट्यांवरून बर्फाचं वय काढता येतं.

आता कॅमेरा काढा, आणि तो लगेच भांडायला उठेल. त्याचा व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवला असेल तर त्याला वाटतं, एवढं निळं जग असूच शकत नाही, काहीतरी बिघडलंय. तो मुकाट्याने पिवळा-तांबडा मिसळतो आणि पडद्यावर मळकट राखाडी भिंत उमटते. म्हणून जाणते फोटोग्राफर ते काम त्याच्याकडून काढून घेतात, दिवसाच्या उजेडाचं माप, 5,000 ते 5,500 केल्विन, पक्कं करून टाकतात आणि रॉ फाइलमध्ये टिपतात. दुसरं भांडण एक्स्पोजरचं. प्रकाशमापक सगळ्या जगाला मध्यम करडं समजतो. गुहेच्या तोंडातून उजळ हिम दिसत असेल तर तो बिचकतो आणि आतली गुहा काळीठिक्कर करतो. आतल्या भिंतीसाठी उघडावं, तर बाहेरचं सगळं जळून पांढरं. त्यावर इलाज एकच, ट्रायपॉड रोवून एकाच चौकटीचे कमीजास्त उजेडाचे तीन-चार फोटो घ्यायचे आणि नंतर जुळवायचे. छतावर नुकतंच हिम पडलेलं असेल तर गुहेत अंधार, तिथे शटर कित्येक सेकंद उघडं लागतं. छतातून थेंब टपकत असतात, भिंग पुसत बसावं लागतं. बॅटरी थंडीने मान टाकते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

मग खरा रंग कोणता? इथे एक गंमत आहे. गुहेत दहा-पंधरा मिनिटं काढली की आपले डोळेही कॅमेऱ्यासारखीच लबाडी करतात. मेंदू निळ्याची सवय करून घेतो आणि तो उणा करू लागतो. याचा पुरावा बाहेर पडल्यावर मिळतो, क्षणभर बाहेरचं हिम गुलाबीसर भासतं. म्हणजे माप पक्कं करून घेतलेला फोटो त्या क्षणी डोळ्यांना दिसलं त्यापेक्षा जास्त निळा येतो, तरी तो खोटा नसतो. खोटे असतात ते समाजमाध्यमांवरचे, संगणकावर बसून जांभळटपणाकडे ओढलेले. बर्फाला असली मदत लागत नाही.

या निळ्याने पहिल्या फोटोग्राफरांना तर भलतंच फसवलं. 1866 साली सॅम्युअल बोर्न गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, गोमुखाला पोचला. आपल्याकडून चारधामला जाणारे हजारो लोक गंगोत्रीच्या देवळापर्यंत जातात, त्यातले थोडे पुढे चिरबासा-भोजबासावरून चालत गोमुख गाठतात. गोमुख म्हणजे हिमगुहाच. तीसेक किलोमीटर लांबीच्या हिमनदीच्या टोकाला बर्फाची कमान आणि तिच्यातून उसळत बाहेर येणारी भागीरथी. बोर्नच्या काळात काचेवर कलोडियन ओतायचं, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तंबूतल्या अंधारात धुऊन काढायची. काचा, रसायनं, तंबू, सगळं हमालांच्या पाठीवर. एवढी यातायात करून जी काच तयार व्हायची तिला फक्त निळा आणि अतिनील प्रकाश कळायचा. तिच्या लेखी निळं आणि पांढरं एकच. म्हणजे गुहेतला सगळा निळा त्या काचेने अगदी मन लावून टिपला आणि कागदावर पांढरा करून दाखवला!

पुढे 5 जानेवारी 1911 रोजी हर्बर्ट पाँटिंगने अंटार्क्टिकात एका हिमनगातल्या गुहेच्या आतून बाहेर बघत फोटो घेतला. स्कॉटच्या मोहिमेचा तो छायाचित्रकार. चौकटीच्या चारी बाजूंनी बर्फाची महिरप, मधल्या झरोक्यात दूरवर टेरा नोव्हा हे जहाज, आणि महिरपीत दोन माणसं उभी. हा फोटो जगातल्या सगळ्या हिमगुहा-फोटोंचा आजोबा म्हणायला हरकत नाही, आजही प्रत्येक जण आतून बाहेर बघत, मधे एक लाल जाकीटवाला उभा करून तीच चौकट साधत असतो. पाँटिंगची ती दोन माणसं म्हणजे भूवैज्ञानिक ग्रिफिथ टेलर आणि चार्ल्स राइट. राइट त्या मोहिमेत बर्फाचाच अभ्यास करत होता. त्या दोघांमुळेच कमान केवढी ते कळतं. बर्फाला स्वतःचं माप नसतं, माणूस नसेल तर फोटोतली गुहा उंदराच्या बिळाएवढीही असू शकते.

गुहा दरवर्षी का बदलते, याचं उत्तर मात्र फोटोत दिसत नाही. त्यासाठी बर्फ वाहतो ही गोष्ट आधी पचवायला हवी. उन्हाळ्यात हिमनदीच्या पाठीवर ओढे तयार होतात, ते भेगांमधून, विहिरीसारख्या उभ्या भोकांमधून खाली कोसळतात आणि तळाशी बोगदा शोधत टोकाकडे धावतात. उतारावरून घासत जाणाऱ्या पाण्याची थोडीशी उष्णता भिंती वितळवते, बोगदा रुंदावतो. त्याच वेळी वरच्या बर्फाचा भार तो बोगदा दाबून मिटवायला बघतो. हान्स रोथलिसबर्गरने 1972 मध्ये या ओढाताणीचं गणित मांडलं. पाण्याची आणि भाराची बरोबरी झाली की बोगदा टिकतो. हिवाळ्यात पाणी आटतं, भाराला रान मोकळं मिळतं.

भार किती वेगाने मिटवतो, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत थक्क करणारं गणित वाटतं. 1950 च्या दशकात जॉन ग्लेनने केंब्रिजच्या प्रयोगशाळेत बर्फाच्या कांड्या दाबून पाहिल्या आणि त्याच सुमाराला जॉन नाय याने हिमनद्यांत खणलेले बोगदे कसे आकसतात त्याच्या मोजमापांशी सिद्धांत ताडून पाहिला. निष्कर्ष असा, की दाब दुप्पट झाला तर बर्फ दुप्पट नव्हे, आठपट वेगाने सरकतो. घनाचा हिशेब. वितळबिंदूच्या जवळ असलेल्या 300 मीटर बर्फाखाली रिकामा बोगदा ठेवला तर काही दिवसांत तो निम्म्यावर येतो. बर्फाची जाडी दहापटीने कमी, 30 मीटर केली, तर त्याच कामाला हजारपट वेळ लागतो, म्हणजे दहा-बारा वर्षं!

याचा अर्थ नीट बघितला की हिमगुहेच्या सौंदर्याकडे बघण्याची नजर बदलते. गुहा नाहीशी होणं ही हिमनदीच्या दृष्टीने वाईट बातमी नव्हे. धडधाकट हिमनदी आपल्या गुहा स्वतःच मिटवते, वरून नवा बर्फ आणते, पुन्हा कोरून घेते. काळजी करायची ती गुहा मिटेनाशी झाली की. बर्फ पातळ झाला, वरून पुरवठा तुटला, की बोगद्याला दाबणारं कुणी उरत नाही. त्यात ऊबदार हवा खेळू लागते, तो वर्षागणिक रुंदावतो, छत झिरझिरीत होतं. असल्या छतातून उजेड झकास येतो, फोटो अप्रतिम निघतात. वितळत्या हिमनद्यांच्या काळात गुहांचे फोटो अधिकाधिक देखणे दिसतात, त्यातला एक भाग कॅमेऱ्यांच्या प्रगतीचा असेल, पण एक भाग पातळ झालेल्या छताचाही आहे.

अमेरिकेतल्या माउंट रेनियरवरच्या पॅरडाइज गुहा हे याचं ठळक उदाहरण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लोक त्या बघायला जात, आत उभं राहून फोटो काढून घेत. 1978 मध्ये मापन झालं तेव्हा गुहांची एकूण लांबी 13 किलोमीटरहून जास्त भरली. एवढं मोठं जाळं, पण ते ज्या बर्फात होतं तो जवळजवळ थांबलेला आणि विरत चाललेला होता. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गुहा संपल्या होत्या. नकाशा आहे, फोटो आहेत, गुहा ज्याच्यात होत्या तो बर्फच नाही.

आल्प्समध्ये याची पुढची पायरी दिसते. तळाच्या बोगद्याच्या छताला आधार उरत नाही, तेव्हा हिमनदीच्या पाठीवर गोल गोल भेगा उमटतात, एकात एक वर्तुळं, आणि एके दिवशी मधला भाग खाली बसतो. स्वित्झर्लंडमधल्या ओटेमा हिमनदीच्या टोकाशी अशी पडझड झाली, तिचा शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला. असे खड्डे अलीकडे जास्त दिसू लागलेत. आत उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. त्याला दिसतो तो छतातला सुरेख झरोका.

25 ऑगस्ट 2024 रोजी ब्रेदामेर्कुरयोकुलवर सहलीला आलेल्या गटाजवळ बर्फ कोसळला, एक पर्यटक मरण पावला, एक जखमी झाला. आणखी दोघं गाडले गेले असावेत या समजुतीने लोकांनी हाताने बर्फ फोडत शोध घेतला, नंतर कळलं की कुणी हरवलंच नव्हतं. महिना लक्षात घ्या, ऑगस्ट. हिवाळ्याचा गुहांचा मोसम उन्हाळ्यात ताणण्याचा हा परिणाम होता, अशी टीका तेव्हा आइसलंडमध्ये उघड झाली. मला ती रास्त वाटते. नोव्हेंबरात निदान थंडी छताच्या बाजूने असते.

मग फोटो काढून करायचं काय? एकाच जागेवरून, एकाच दिशेने, वर्षानुवर्षं घेतलेले फोटो. त्यांची किंमत कळते ती उशिरा. जेम्स बॅलॉग याने 2007 मध्ये एक्स्ट्रीम आइस सर्व्हे सुरू करून ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का अशा ठिकाणी आपोआप फोटो घेणारे कॅमेरे खडकांना जखडून ठेवले, दिवसाउजेडी ठरावीक वेळाने एक फोटो, वर्षानुवर्षं. त्यातल्या बऱ्याच चौकटी एकेकट्या बघितल्या तर कंटाळवाण्या आहेत. ओळीने लावल्या की हिमनदी श्वास घेत मागे सरकताना दिसते. गोमुखाचंही तसंच. बोर्नच्या काचेवरची कमान आज त्या जागी नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. बी. ऑडन यांनी (हे कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे भाऊ) 1935 मध्ये हिमनदीच्या टोकाचा नकाशा केला. तिथपासून 1996 पर्यंत टोक 1.1 किलोमीटरहून अधिक मागे गेलं, वर्षाला सरासरी 19 मीटर. ऑडनचा नकाशा आणि बोर्नचा फोटो उपयोगी पडतात, कारण कुठून आणि केव्हा हे त्यांच्याबाबत ठाऊक आहे. आजचे बहुतेक गुहा-फोटो तारीख पुसून, जागा न सांगता फिरत असतात. इतकी हौस, इतकी यंत्रं, आणि नोंद म्हणून हाती जवळपास शून्य, ही मला खटकणारी गोष्ट.

नोंद कशी ठेवावी ते फ्रान्समधल्या शामोनीजवळच्या मेर द ग्लास हिमनदीवर दिसतं. तिथे नैसर्गिक गुहेची वाट न बघता बर्फात बोगदा खणून गुहा करतात, आणि बर्फ सरकत असल्याने दरवर्षी नव्याने खणतात. 1988 साली रोपवेचा पाळणा बसवला तेव्हा त्यातून उतरलं की बर्फ जवळजवळ पायाशीच होता. मग हिमनदी खाली बसत गेली आणि तिच्यापर्यंत पोचायला लोखंडी पायऱ्या जोडाव्या लागल्या, वर्षाला थोड्या थोड्या, अखेर पाचशेहून जास्त. वाटेत खडकावर पाट्या होत्या, अमुक साली बर्फ इथवर होता अशा. 1990 ची पाटी ओलांडून पुढे खाली उतरताना आपण आपल्याच हयातीतून पायऱ्या मोजत चाललोय हे लक्षात यायचं आणि परत चढताना धाप लागायची ती वेगळीच. 2024 मध्ये तिथल्या लोकांनी पायऱ्या वाढवणं सोडलं, हिमनदीच्या वरच्या अंगाला नवा पाळणा बसवला आणि गुहा तिकडे नेली.